दंडावरचा बिल्ला कधीचा? आधी उलटा करून बघा

सोलापुरात कापडाची पारख असलेला माणूस चादर हातात आली की आधी ती उलटी करतो. नक्षी जकार्डवर विणलेली आहे की वरून छापलेली, हे पुढून बघताना एखादे वेळी चकायला होतं. पाठ बघितली की प्रश्न मिटतो. विणलेल्या चादरीत पुढे जिथे लाल तिथे मागे पांढरं, पुढे पांढरं तिथे मागे लाल, आणि धाग्याचा सगळा प्रवास डोळ्यांसमोर.

लष्करी गणवेशाच्या दंडावर शिवलेला जुना कापडी बिल्ला, ज्याला संग्राहक पॅच म्हणतात, तोही असाच वाचायचा असतो. तो कोणत्या तुकडीचा हे पुढची बाजू सांगते. तो कधी तयार झाला, हे बहुतेक वेळा मागची बाजू सांगते. नवा संग्राहक चित्रावर भाळतो, आणि बनावट माल करणाराही नेमकी चित्रावरच सगळी मेहनत घेतो. म्हणून या लेखात चित्राबद्दल लागेल तेवढं आणि कापड, धागा, टाका यांबद्दल जास्त लिहिणार आहे. सोलापूरकराला यातलं अर्धं ज्ञान घरातच मिळालेलं असतं, फक्त ते इथे वापरायचं असतं हे ठाऊक नसतं.

सोलापूर, सांगली, सातारा भागातल्या कितीतरी घरांत दुसऱ्या महायुद्धावर गेलेल्या आजोबा-पणजोबांची लोखंडी ट्रंक अजून आहे. तिच्यात पदकं असतात, एखादा फोटो असतो आणि कधीकधी कापडाचा एक रंग उडालेला चौकोनी तुकडा असतो. पदकं जपली जातात. तो तुकडा मात्र ट्रंक आवरताना चिंध्यांबरोबर बाहेर जातो. हे थांबावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

या खुणा सुरू कशा झाल्या

पहिल्या महायुद्धात लाखो माणसं एकाच रंगाच्या खाकीत लढत होती. आपल्या माणसाला डिव्हिजन, म्हणजे अनेक पलटणींची मिळून झालेली मोठी तुकडी, ओळखता यावी, पण शत्रूच्या हाती नाव लागू नये, यासाठी ब्रिटिश सैन्यात १९१६ च्या सुमारास चित्रखुणा रुळल्या. गाड्यांवर त्या रंगवल्या जात आणि दंडावर कापडाच्या शिवल्या जात. अमेरिकेच्या ८१व्या डिव्हिजनने रानमांजराचा बिल्ला लावला आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये त्याला अधिकृत मान्यता मिळाली. अमेरिकी सैन्यातल्या दंडावरच्या बिल्ल्यांची परंपरा तिथून धरतात. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी ही पद्धत बरीचशी सोडून दिली आणि १९४०-४१ मध्ये ती परत आणली.

एवढ्या माहितीवरही एक सापळा टाळता येतो. १९१४-१५ मध्ये फ्रान्सला गेलेल्या हिंदी सैनिकाचा म्हणून कुणी डिव्हिजनचा दंडावरचा पॅच दाखवला, तर तो घेऊ नका. त्या वेळी ही पद्धतच नव्हती.

दुसऱ्या महायुद्धातल्या हिंदी डिव्हिजनांची चिन्हं मात्र लक्षात राहावीत अशीच आहेत. ४थीचा लाल गरुड, ५वीचं काळ्यावर लाल वर्तुळ, ७वीचा सोनेरी बाण, १७वीचं पिवळ्यावर काळं मांजर, १९वीचा खंजीर धरलेला हात, २३वीचा झुंजीचा कोंबडा. ८व्या डिव्हिजनची खूण होती पिवळी क्लोव्हर, म्हणजे चाऱ्याची एक वनस्पती. एप्रिल १९४५ मध्ये इटलीत सेनियो नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या याच डिव्हिजनमधल्या पलटणीचे. त्यामुळे आपल्याकडच्या एखाद्या ट्रंकेत क्लोव्हरचा बिल्ला निघाला आणि सोबत इटलीतला फोटो असला, तर दोन्ही एकमेकांना दुजोरा देतात. बर्मात लढलेल्या १४व्या सैन्याच्या ढालीवर तलवारीचं टोक खाली आहे. सेनापती स्लिम यांनी ती खूण स्वतः आखली होती. बर्मा उत्तरेकडून, म्हणजे नकाशावर वरून खाली, परत जिंकायचा आहे हा त्यामागचा विचार.

तारखेला दोन टोकं असतात

पॅचवर साल छापलेलं नसतं. त्यामुळे कुणी एका झटक्यात "हा १९४३ चा" म्हणाला तर तो अंदाज समजा. अभ्यासाची रीत अशी की प्रत्येक पुरावा दोनपैकी एक टोक पक्कं करतो. एक टोक म्हणजे "याच्या आधीचा असूच शकत नाही". दुसरं म्हणजे "याच्या नंतर असा बनायचं कारण नाही". धागा, काठ, पाठीचं अस्तर यांवरून सहसा पहिलं टोक मिळतं. मुकुट, तुकडीचं नाव, बोधचिन्ह यांवरून बऱ्याचदा दुसरं. दोन्ही टोकं जवळ आली की काळ सापडतो. ती एकमेकांना ओलांडून गेली, म्हणजे धागा चिन्हाच्या नंतरचा निघाला, तर पॅच नंतर बनवलेला आहे.

मुकुटाचं उदाहरण घेऊ. ब्रिटिश खुणांवर १९०१ नंतर राजाचा मुकुट आला, ज्याला ट्यूडर मुकुट म्हणतात. त्याच्या कमानी घुमटासारख्या वर जाऊन गोल होतात. एलिझाबेथ राणीच्या काळात, १९५३ च्या सुमारास, सेंट एडवर्डचा मुकुट आला. त्याच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतात. गोल कमान म्हणजे १९५३ च्या आधीचा, असं जुने संग्राहक डोळे झाकून सांगायचे. आता तसं करता येत नाही. २०२२ मध्ये चार्ल्स राजे झाले आणि ट्यूडर मुकुट परत आला. आता गोल कमानीचा पॅच ऐंशी वर्षांचा असेल किंवा दोन वर्षांचा. मुकुट बघून थांबायचं नाही, उलटून धागा बघायचाच.

भारतीय खुणांबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. मुकुट आहे म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ च्या आधीचा, असं लोक धरतात. पण १९४७ ते २६ जानेवारी १९५० पर्यंत भारत डोमिनियन होता, म्हणजे स्वतंत्र, पण राजा ब्रिटनचाच, आणि मुकुट अधिकृतपणे चालू होता. प्रजासत्ताक झाल्यावर त्याची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली. म्हणजे टोक १९४७ नव्हे, १९५० आहे, आणि १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात लढलेल्या भारतीय अधिकाऱ्याच्या खांद्यावरही मुकुट असू शकतो. हवाई दलात तर आणखी बारीक मोजता येतं. 'रॉयल' ही उपाधी मार्च १९४५ मध्ये मिळाली आणि २६ जानेवारी १९५० ला गेली. खांद्यावरच्या पट्टीत 'रॉयल इंडियन एअर फोर्स' असेल तर तुमच्या हातात जेमतेम पाच वर्षांची खिडकी आहे. कापडी पट्टीवरून इतका नेमका काळ क्वचितच मिळतो.

पलटणींच्या नावांतही असाच काळ लपलेला असतो. १९२२ च्या पुनर्रचनेत आपल्या पलटणीचं नाव '५वी मराठा लाइट इन्फंट्री' झालं. आकडा महायुद्धाच्या अखेरीस गेला आणि इंग्रजी नावातलं जुनं 'एच'वालं स्पेलिंग स्वातंत्र्यानंतर बदललं. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या चिन्हावर कोरेगावचा जयस्तंभ होता, पुढे त्या जागी खंजीर आला. स्तंभ असलेली खूण दिसली की ती सुरुवातीच्या काळाकडे बोट दाखवते. आणि नेमकी म्हणूनच तिच्या नकलाही होतात.

पण डिव्हिजनचं चिन्ह एकटं असेल तर काळाबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. लाल गरुड, काळं मांजर, खंजीर ही चिन्हं आजच्या भारतीय सेनेतही जिवंत आहेत. सोनेरी बाणाची गोष्ट त्याहून विलक्षण. फाळणीनंतर तो पाकिस्तानच्या ७व्या डिव्हिजनकडे राहिला आणि पुढे भारताच्या ७व्या डिव्हिजननेही तोच घेतला. बाण बघून ना साल कळतं, ना देश.

आता पाठ

जुने पॅच ढोबळमानाने चार रीतींनी बनले: छापून, भरतकाम करून, जकार्डवर विणून आणि जरीत.

छापील पॅच युद्धातल्या काटकसरीतून आले. ब्रिटनमध्ये लोकर आणि मनुष्यबळ वाचवायला सुती कापडावर खुणा छापू लागले. आजच्या डोळ्याला ते स्वस्त वाटतात, म्हणून लोक ते नकली समजून सोडून देतात. खरं तर १९४० च्या दशकातला छापील पॅच अगदी अस्सल असू शकतो. पाठीवर रंग मुरून पुसट उतरलेला असावा, काठ आत दुमडून शिवलेला असावा. भिंगाखाली रंगाचा सलग थर दिसला तर ठीक. निळे, गुलाबी, पिवळे, काळे असे बारीक ठिपके दिसले तर ती आजची डिजिटल छपाई. रंग कापडात न मुरता वर पापुद्र्यासारखा बसला असेल तर तो गरम इस्त्रीने चिकटवलेला आहे.

भरतकामाचे पॅच सगळ्यात जास्त, आणि फसगतही त्यांतच जास्त. इथे सोलापूरकराला मोठी सोय आहे. हे गाव आता शाळांच्या आणि कंपन्यांच्या गणवेशांसाठी ओळखलं जातं आणि खिशावरचे लोगो भरणारी बहुडोकी कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी यंत्रं इथे कितीतरी कारखान्यांत चालतात. मुलाच्या शाळेच्या शर्टाचा खिसा उलटा करून बघा. खालच्या बॉबिनचा पांढरा धागा एकसारख्या पट्ट्यांत दिसेल. टाक्यांची लांबी मोजून ठेवल्यासारखी असेल, वरच्या भरणाखाली आधार देणाऱ्या आडव्या-तिरप्या टाक्यांची जाळी असेल. मागे बहुतेक वेळा न विणलेल्या, कागदासारख्या पांढऱ्या अस्तराचा तुकडा उरलेला असेल. ही पाठ डोळ्यांत नीट भरून घ्या. कॉम्प्युटरवर चालणारी अशी यंत्रं १९८० च्या दशकापासून पसरली. १९४३ चा म्हणून दाखवलेल्या पॅचची पाठ शाळेच्या खिशासारखी असेल, तर बाकी काही तपासायची गरजच नाही.

युद्धकाळात इथे, हिंदुस्थानात, बनलेले पॅच वेगळेच दिसतात. छावणीजवळच्या बाजारातले दर्जी ते करून देत. हाताने चालवलेलं यंत्र, साखळी टाका, मिळेल तो धागा, पाठीला मांजरपाट किंवा जाळीदार कापड. गरुडाची चोच एका पॅचात लांब, दुसऱ्यात आखूड. मागे गाठी, न कापलेली टोकं, एका रंगावरून दुसऱ्या रंगावर ओढलेला धागा. इंग्लंड-अमेरिकेतले संग्राहक या बाजारी पॅचांसाठी आज आसुसलेले असतात. चीन-बर्मा-इंडिया आघाडीवर आलेल्या अमेरिकी सैनिकांनी इथल्या कारागिरांकडून लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, निळ्या पट्टीत चिनी सूर्य आणि भारताचा तारा असलेली ढाल किती तऱ्हांनी करून घेतली, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. सुती, चामड्याची, जरीची, सगळ्या तऱ्हा सापडतात. त्या कारागिरांची नावं कुठे नोंदलेली नाहीत. त्यांचा टाकाच त्यांची सही आहे, आणि म्हणून मला हे ओबडधोबड पॅच कारखान्यातल्या नेटक्या पॅचांपेक्षा मोलाचे वाटतात.

जकार्डवर विणलेले पॅच जर्मनांनी खूप वापरले. वुपरटालच्या एवाल्ड फोरस्टेहर या फीत विणणाऱ्या कारखान्याच्या नावावरून अशा पॅचांना संग्राहक सरसकट 'बेवो' म्हणतात. ते सपाट, पातळ असतात, पुढे बारीक नक्षी आणि मागे धाग्यांच्या उभ्या-आडव्या पट्ट्या. ताणा-बाणा समजणाऱ्या माणसाला पाठ बघताच कळतं की हे विणलेलं आहे, वर टाके घातलेले नाहीत.

आपल्या दृष्टीने या प्रकारातला सगळ्यात भावनेचा पॅच म्हणजे जर्मनीत सुभाषबाबूंच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या आझाद हिंद लीजनचा. उत्तर आफ्रिकेत पकडले गेलेले हिंदी युद्धकैदी तिच्यात होते. केशरी, पांढरा, हिरवा अशा तीन पट्ट्यांची ढाल, मध्ये झेपावणारा वाघ आणि वर जर्मन भाषेत 'फ्रायस इंडियन', म्हणजे स्वतंत्र भारत. हा पॅच बघून कुणाचंही मन भरून येईल, आणि विकणाऱ्यांना ते नेमकं माहीत असतं. अस्सल नग मोजके आणि नकला अमाप, त्यामुळे इथे शंका हीच सुरुवात असावी. ढाल भरतकामाची, जाड, चमकदार धाग्याची आणि काठाला गोल ओव्हरलॉक घातलेली असेल तर ती अलीकडे बनलेली आठवणवस्तू आहे. घरात लावायला काहीच हरकत नाही, फक्त ऐतिहासिक वस्तू म्हणून पैसे मोजू नका.

जरीच्या बिल्ल्यांचं थोडक्यात सांगतो. वाराणसी आणि पाकिस्तानातलं सियालकोट ही आजही या कामाची मोठी केंद्रं आहेत, तिथून जगभर नवे बिल्ले जातात आणि त्यांतले काही फिरून जुने म्हणून विकले जातात. धातूची तार असलेली जुनी जरी काळवंडते, खोबणीत हिरवट होते, घासलेल्या जागी आतलं तांबं दिसतं. प्लॅस्टिकची जरी कितीही वर्षं गेली तरी तशी काळी पडत नाही.

धाग्याची साक्ष

पॉलिस्टरचा शोध १९४१ मध्ये ब्रिटनमध्ये लागला, पण तो बाजारात रुळला १९५० नंतर. नायलॉन १९३५ चा, तरी युद्धात तो पॅराशूट आणि दोरांकडे वळवला गेला. त्यामुळे महायुद्धातल्या पॅचात सुती धागा, लोकर, रेशीम किंवा रेयॉन असावा. पॉलिस्टर सापडला तर पहिलं टोक थेट १९५० च्या पुढे सरकतं.

ओळखायचं कसं? पाठीवरचा आधीच सुटलेला एक तंतू चिमट्यात धरा आणि ज्योतीजवळ न्या. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ राख होते. लोकर आणि रेशीम जळक्या केसासारखे वास मारतात. पॉलिस्टर वितळतो, आक्रसतो आणि कडक मणी उरतो. एक तंतू पुरे. वस्तू आपली असेल तरच हे करा, विकणाऱ्याच्या टेबलावर नाही. आणि इथे घाई केली की एक चूक होते: चमक दिसली की लोक पॉलिस्टर म्हणून मोकळे होतात. रेयॉन, ज्याला आपल्याकडे आर्ट सिल्क म्हणायचे, तोही चमकतो आणि १९४० च्या पॅचांत तो भरपूर आहे. पण तो सुती धाग्यासारखा जळतो, मणी होत नाही.

दुसरी परीक्षा जांभळ्या प्रकाशाची. नोटा तपासायचा छोटा यूव्ही टॉर्च असतो, तो चालतो. धाग्याला आणि साबणाच्या पावडरीला पांढरेपणा आणणारी चकाकीची रसायनं महायुद्धानंतर सर्रास आली. अशा धाग्यावर अंधारात टॉर्च मारला की तो निळसर पांढरा पेटल्यासारखा दिसतो. मात्र जुना पॅच गेल्या वर्षी कुणी डिटर्जंटमध्ये धुतला असेल तर तोही चमकेल, म्हणून नुसत्या चमकेवर निकाल देऊ नका. चमक कुठे आहे ते बघा. सगळा पॅच सारखा चमकत असेल तर धुण्याचा परिणाम असू शकतो. नुसतं भरतकाम चमकतंय आणि खालचं कापड काळोखात आहे, तर धागा नवा. नीळ मात्र चमकत नाही. धोब्याकडे निळीत बुडवलेल्या जुन्या पॅचाच्या पांढऱ्या भागात दिवसा उजेडी निळसर झाक असते आणि टॉर्चखाली काही नाही. असा पॅच हाती आला की मला आनंद होतो, कारण तो खरोखर वापरात होता.

काठाचंही तसंच. युद्धकाळातल्या अमेरिकी पॅचाचा काठ सपाट असतो: भरतकाम झाल्यावर कापड कापलेलं, दशा थोड्या सुटलेल्या. काठावर दोरीसारखा जाड, गोल टाका आणि मागे धाग्याची शेपटी असेल तर तो मेरो यंत्राचा काठ. अमेरिकी पॅचांवर तो १९६० च्या दशकात सर्वत्र झाला. मागे वेल्क्रो असेल तर आणखी अलीकडे या: त्याचं पेटंटच १९५५ चं, आणि गणवेशावर पॅच लावायला तो सरसकट आला तो या शतकात. पाठीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा थर असेल तर महायुद्ध विसरा.

एक मांजर हातात घेऊन

समजा कुणी तुम्हाला काळ्या मांजराचा पॅच दाखवला आणि म्हणाला, आजोबा बर्मात होते. १७व्या डिव्हिजनची पहिली खूण विजेचा लोळ होती. १९४२ मध्ये बर्मातून माघार घेतल्यानंतर मांजर आलं. म्हणजे पहिलं टोक १९४२. दुसरं टोक चित्रातून मिळत नाही, कारण हे मांजर आजही चालू आहे.

आता उलटा करा. पिवळा भाग सुती किंवा लोकरी आहे, मांजर वेगळ्या काळ्या कापडाचं कापून शिवलंय किंवा हाताने भरलंय, मागे मांजरपाट आहे आणि धाग्याची टोकं मोकळी आहेत, इथपर्यंत सगळं जुळतं. काठाभोवती सुईची भोकं बघा. ती अंतराने असमान आणि थोडी ताणलेली असतील तर पॅच शर्टावर होता. दोन-चार ठिकाणी टिचबटणं किंवा त्यांच्या गंजाचे गोल डाग असतील तर फारच छान. गरम हवेत शर्ट रोज धोब्याकडे जायचे, रंग उतरू नये म्हणून पॅच काढता यावा अशी सोय करून घ्यायचे. नकली माल करणारा सहसा एवढा विचार करत नाही.

मग रंग बघा. उन्हाने उडालेला रंग पुढे फिका आणि मागे, दुमडीत, टाक्याखाली गडद असतो. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला पॅच पुढे-मागे, दुमडीतही सारखाच तपकिरी असतो आणि नाकाजवळ नेला तर कधीकधी वास येतो. कसर लागलेली भोकं वेडीवाकडी आणि फक्त लोकरीत असतात. सुती कापडाला लोकरीसारखी भोकं असतील तर ती कुणीतरी पाडली आहेत.

एवढं सगळं जुळलं तरी एक गोष्ट उरते: घरातली आठवण आणि कागद. जिथे आजोबांचं डिस्चार्ज बुक किंवा पेन्शनचे कागद आहेत, तिथे पलटणीचं नाव मिळतं आणि ती पलटण कोणत्या डिव्हिजनमध्ये होती हे ताडता येतं. कागद नसतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. युद्धात मृत्यू झाला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या ऑनलाइन यादीत नाव आणि पलटण शोधता येते. पलटण इटलीत होती आणि पॅच बर्मातल्या डिव्हिजनचा आहे, असं निघालं तर लगेच खोटं म्हणू नका. सैनिक एकमेकांत बिल्ले बदलत, आठवण म्हणून घेत. पण मग "आजोबांच्या दंडावरचा" असं लिहू नका, "आजोबांच्या ट्रंकेतला" असं लिहा.

वापरलेला नाही म्हणून पॅच नकली ठरत नाही, हेही सांगायला हवं. कोठारात पडून राहिलेले, कधीच न शिवलेले अस्सल पॅच पुष्कळ आहेत. त्यांच्यावर भोकं नसतात, पण धागा, कापड आणि काठ त्यांच्या काळाचेच असतात.

सोलापूरकरांनी आणखी एका खुणेची ओळख ठेवावी. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि पुढे चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्गसेनेत काम करताना ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. त्या सेनेचे सैनिक डाव्या दंडावर 'आठवा मार्ग' या अर्थाच्या दोन चिनी अक्षरांची साधी कापडी पट्टी लावत. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात जाल तेव्हा फोटोंमधल्या सैनिकांच्या दंडाकडे लक्ष द्या. ना भरतकाम, ना जरी, साध्या कापडावर दोन अक्षरं. ज्या सेनेकडे औषधंही पुरेशी नव्हती तिची खूण अशीच असणार. त्या नावाने चकचकीत भरतकामाचा पॅच कुणी विकत असेल तर फोटो आठवा.

हाती आल्यावर

पॅच शर्टावर शिवलेला असेल तर उसवू नका, कितीही मोह झाला तरी. शर्ट, शिवण आणि पॅच मिळून जे सांगतात ते सुटा पॅच सांगू शकत नाही. धुऊ नका, इस्त्री करू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. डिंक किंवा चिकटपट्टीने वहीत लावू नका. आम्लविरहित कागदात किंवा धुतलेल्या, खळ काढलेल्या पांढऱ्या सुती कापडात सपाट ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर ठेवलं तर लोकर ठिसूळ होते, म्हणून घरातलं सगळ्यात थंड कपाट निवडा. कसरीसाठी डांबरगोळी पॅचला टेकवू नका, वेगळ्या पुरचुंडीत ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी उघडून बघा.

कायद्याचीही जाणीव असावी. सैनिक असल्याचा भास व्हावा म्हणून सैनिकाचा पोशाख किंवा खूण वापरणं गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला पुरावशेषांचा कायदा लागू होऊ शकतो, म्हणून पहिल्या महायुद्धाच्या काळातलं काही परदेशी ग्राहकाला पाठवण्याआधी चौकशी करा. भारतीय सेनेने २०२२ मध्ये आणलेल्या नव्या लढाऊ गणवेशाच्या नक्षीचे हक्क सेनेकडे नोंदवलेले आहेत आणि तो खुल्या बाजारात विकायला मनाई आहे. गणवेश शिवणाऱ्या गावात हे सगळ्यांना माहीत असायला हवं.

शेवटचं काम चिठ्ठीचं. प्रत्येक पॅचसोबत पेन्सिलने लिहिलेली कागदाची चिठ्ठी ठेवा, शाईने नको, ती पसरते. पॅच कुणाकडून आला, कोणत्या वस्तूंबरोबर आला, धागा कोणता निघाला, टॉर्चखाली काय दिसलं, काठ कसा आहे, आणि या सगळ्यावरून तुम्ही ठरवलेली दोन टोकं. घरात ऐकलेली गोष्ट वेगळ्या ओळीत, "घरच्यांनी सांगितलं" असं स्पष्ट म्हणून. चिठ्ठीवर तुमचं नाव आणि तारीख घाला.